आत्याचा शेरा

प्रयोगशाळेत तिला सगळे आत्या म्हणत. पीएच.डी. झाली की दोन-चार वर्षं कुणाच्या तरी हाताखाली संशोधन करायचं आणि मग आपला संसार वेगळा थाटायचा, अशी त्या धंद्यातली रीत. आत्या मात्र प्राध्यापकांकडे चिकटली ती चिकटलीच. दरवर्षी नेमणूक वाढेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असे.

नव्या उमेदवारांची पारख तिच्याकडे होती. मुलाखतीत तोंडाने सगळेच शूर. स्वतंत्र विचार काय, चिकाटी काय, मिळून-मिसळून काम करण्याची हौस काय! आत्या त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवी आणि माशाच्या इवल्याशा पिल्लाचं हृदय चिमट्याने बाहेर काढायला सांगे. बाहेर आल्यावरही ते धडधडत राहायला हवं.

ज्याला ते जमत नसे त्याचं ती तोंडभरून कौतुक करी. ज्याला जमे, त्याच्याबद्दल प्राध्यापकांच्या कानाशी लागून म्हणे, "हुशार आहे हो, पण हात थरथरतो." बिचारा आल्या पावली परत जाई. आपल्याहून सरस माणूस शेजारी बसवून घ्यायला ती काय खुळी होती? त्यांतल्या एकाने पुढे संशोधनच सोडलं, हे कानावर आलं तेव्हाही तिने चहा शांतपणे संपवला.

एक दिवस प्राध्यापक म्हणाले, विभागात कायमची जागा निघाली आहे, तुमच्या टेबलावर बसायला कुणीतरी चांगलं माणूस शोधा. आत्याला आभाळ ठेंगणं झालं. कायमची जागा आपल्यावाचून कुणाला मिळणार? तिने भावाला फोन केला, की आता आईला माझ्याकडे आणून सोड. भावजयीने त्याच दिवशी सासूची बॅग भरली.

परीक्षेला आलेली मुलगी अबोल होती. तिने काढलेली हृदयं बशीत धडधडत राहिली. एक फाटलं, तेव्हा तिने ते लपवलं नाही. घाई केली मी, असं आपणहून सांगितलं. आत्याला तिच्याबद्दल खरोखर माया वाटली. ती प्राध्यापकांकडे गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं ते बोलली, की असा हात मी पाहिला नाही, माझासुद्धा कधी असा नव्हता.

कायमची जागा त्या मुलीला मिळाली. आत्याची नेमणूक यंदा वाढणार नव्हती.

घरी आई येऊन पोचली होती. आत्या प्राध्यापकांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेत म्हणाली, "सर, माझं बघण्यात चुकलं. त्या मुलीचा हात थरथरतो."

प्राध्यापक रागावले नाहीत.

"हे तुम्ही आजवर प्रत्येक चांगल्या माणसाबद्दल सांगितलंत," ते म्हणाले. "मला कळत होतं. पण तुम्ही थोडक्या पगारात मान मोडून राबत होतात, म्हणून मी ऐकून घेतलं. या मुलीबद्दल तुमच्याच्यानेही खोटं बोलवलं नाही, मग मी तरी आणखी काय तपासायचं?"

आत्याने लावलेल्या दाराची कडी काढली.

"सोमवारी येतेय ती," ते म्हणाले. "जायच्या आधी तिला सगळं नीट शिकवून जा."