दाजींचं वाजणारं मशीन

मंडळी, आत्ताच घरी पोचलेय. घाईघाईत लिहितेय, तेव्हा लिहिण्यातल्या चुका पोटात घाला.

मढचा साखरपुडा उरकून खोडदला परत येत होतो. गाडी दाजी चालवत होते, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. ताई पुढं, मी मागं आई आणि मावशीच्या मधोमध अडकलेली.

दाजींनी काचेला नवीन रडार डिटेक्टर चिकटवलाय. पोलिसांची स्पीड गन रेडिओ लहरी सोडते, त्या लांबूनच पकडून हे मशीन वाजतं. वाजलं की हळू, गप्प झालं की सुसाट, ही दाजींची रीत.

आज ते सारखंच वाजत होतं आणि दाजी सारखे ब्रेक मारत होते. म्हणाले, "तुमच्या खोडदच्या अँटेनांनी लई वैताग आणलाय राव."

आमच्या गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आकाशातून येणाऱ्या लहरी नुसत्या ऐकतात, काही सोडत नाहीत. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर आईनं चिमटा काढला. "जावयाला उलट बोलायचं न्हाई."

ओतूरपाशी मला राहवलं नाही. "दाजी, बाजूची गाडी दाखवणारा तुमच्याच गाडीतला सेन्सर बंद करून बघा. तोपण तसल्याच लहरी सोडतो."

त्यांनी बंद केला. मशीन गप्प.

"हुशार हाय पोरगी," म्हणत दाजींनी गाडी सुसाट सोडली.

जावयाला 'हळू चालवा' म्हणायची गाडीत कुणाची टाप नव्हती. म्हणणारं एकच होतं, त्याचं तोंड मीच बंद केलं. घर येईपर्यंत आईनं माझा हात सोडला नाही.

खरं सांगा, तुम्ही सेन्सरचं सांगितलं असतं का?