पान उलटायचं नाही

"पहिलं पान वाचलंस ना? मग झालं. तुझ्या म्हशींना आतलं पान कशाला हवंय?"

ग्रंथपाल हे बोलला आणि हसला. आत टेबलाशी बसलेला एक म्हातारा सभासदही हसला. मी ओट्यावर उभी. नववीत होते. पावसासाठी डोक्यावर घोंगडीचं घोंगतं, हातात रिकामा दुधाचा कॅन. समोर लाकडी उतरतं टेबल, त्यावर पेपर, पेपरावर लोखंडी पट्टी.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडं जाताना लागणाऱ्या गावातलं हे वाचनालय. नाव मुद्दाम लिहीत नाही. असलं एकच नाही.

तिथला नियम असा. सभासदांनी आत बसून वाचायचं. बाकीच्यांनी ओट्यावर उभ्यानं. पण ओट्यावरच्या पेपराला हात लावायचा नाही. पान उलटायचं ते सभासदानं. सभासद व्हायला गावातल्या दोन जुन्या सभासदांची शिफारस. डोंगरमाथ्यावरच्या गवळी धनगराच्या पोरीला कोण देणार शिफारस? "कपड्यांना वास येतो, पानाला लागतो," हे तर तोंडावर सांगायचे. मी घातलेल्या दुधाचा चहा मात्र त्याच टेबलावर प्यायचे. त्या दुधाला वास नव्हता.

मी उभी राहायचे. कुणी सभासद जाता-येता पान उलटायचा, तेवढ्यात झपाझप वाचायचे. पाठ करायचे. कारण वर वाडीत पेपर येत नव्हता, मोबाईलला रेंज नव्हती. पेपर म्हणजे मीच. दूध घालून वर गेले की बाया गोठ्याच्या तोंडाशी जमायच्या.

"आली गो पेपरवाली! काय आनलंस?"

माझी आत्या सगळ्यांत पुढं. आई लहानपणी गेली, आत्यानंच वाढवलं. तिला अक्षर येत नव्हतं. पण पेपर कळायचा.

"पयलं पान मोठ्या लोकांचं," ती म्हणायची. "आपलं काय असंल तं आत असंल. आतलं सांग."

त्या दिवशी पाऊस असा की ओट्यावर दुसरं कुणीच नाही. पान उलटणारं कुणी येईना. थांबले, थांबले, शेवटी तोंड उघडलं.

"काका, येवढं पान उलटा ना."

त्याचं उत्तर वर लिहिलंच आहे.

मी वर गेले. पहिलं पान सांगितलं. क्रिकेट. कुठल्या तरी मंत्र्याचा दौरा. आत्या भाकरी थापत होती.

"पावसाचं काय लिवलंय?"

"काय नाय."

"आत?"

"आतलं नाय वाचू दिलं."

"जळ्ळं मेलं त्यांचं पान," ती म्हणाली, आणि तवा उतरवला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वरचा डोंगर सुटला. आवाज लांबून यावा तसा आला आणि एकदम अंगावर. आत्या म्हशी सोडायला गोठ्यात गेली होती. तीन म्हशी बाहेर आल्या. आत्या आली नाही.

आत्याचं बारावं झाल्यावर दूध घेऊन खाली गेले. वाचनालयाच्या कोपऱ्यात जुन्या पेपरांचा गठ्ठा बांधून ठेवलेला. रद्दीला हात लावायला सभासद व्हावं लागत नाही. पान न उलटलेल्या त्या दिवशीचा पेपर काढला. पान उलटलं.

खाली, कोपऱ्यात, चौकटीत. डोंगराला भेगा गेलेल्या वाड्यांनी आजच खाली शाळेत मुक्कामाला यावं. पुढं वाड्यांची नावं. त्यात आमची. आमच्या वाडीचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

अजून ते पान माझ्या झोपेत येतं. भिजलेलं, जड. बोटं लावते, उलटत नाही. मागून आत्या विचारते, "आत?" तिच्या आवाजात राग नसतो. राग असता तर बरं झालं असतं.

मी शिकले. आता महाडला असते, एका संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, वाटते. सार्वजनिक म्हणजे काय, हे महाडात कुणाला शिकवावं लागत नाही.

यंदा त्याच वाचनालयाचा निरोप आला. वाचन वाढवण्यासाठी कल्पना सुचवायची सभा आहे, या. मी गेले. कल्पना निघाल्या. दारात सेल्फी पॉइंट. पुस्तकांची रांगोळी. मग तोच ग्रंथपाल, आता केस पिकलेले, उठला.

"या आमच्या ताई. आमच्याच ओट्यावर वाचून मोठ्या झाल्या."

टाळ्या. हातात शाल. मी हात मागं घेतले.

"ओट्यावर का वाचत होते, ते पण सांगा."

"अगं, जुनं झालं ते. नियम होता तसा."

"माझी आत्या मेली त्या नियमानं."

अध्यक्ष पुढं झाले. "ताई, हे वाचनाचं व्यासपीठ आहे. दुःख सगळ्यांनाच असतं."

"मग कल्पनाच घ्या माझी. ती पट्टी काढा. ज्याला वाचायचंय त्यानं पान उलटावं."

"समितीपुढं ठेवू."

म्हणजे पट्टी अजून होती. ओट्यावर गेले. पट्टी वर केली, पेपर काढला, आत आले. सभासदांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. आतलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. रस्त्याची बातमी. लसीकरणाची. पाणीपुरवठ्याची. सगळी सभा उभी, मी बसलेली. थांबले नाही.

आता समितीनं कळवलंय. शिस्तभंग झाला, लेखी माफी मागा, नाहीतर प्रवेश बंद.

माफी मिळणार नाही. सोमवारी वाडीवरच्या पोरी दूध घालून थेट आत येतील. मी पुढं असेन. शिफारस नाही, सभासद नाही, कपड्यांना म्हशीचा वास आहे. खुर्च्यांवर बसू. कुलूप लावलंत तर ओट्यावर बसू, रस्त्यावर बसू, पोलीस बोलवा. आत्या यानं परत येणार नाही, ठाऊक आहे. पण आमच्या मरणाची खबर छापून आली असताना ती आमच्यापासून झाकून ठेवायचा हक्क यापुढं कुणालाही देणार नाही.