आईचं एस्पेरांतो

मंडळी, आज आईने माझी पार विकेट काढली.

सहा महिने मी मोबाईलवर एस्पेरांतो शिकतेय. युरोपातल्या मोठ्या भाषांमधून शब्द उचलून एका माणसाने मुद्दाम बनवलेली ही भाषा. आमच्या किहीममध्ये ती बोलायला कोण मिळणार? म्हणून रोज सकाळी आईसोबत बिरड्याचे वाल सोलताना मी मोठ्याने घोकायचे. आई वैतागायची, "बाय, माझं डोकं नको उठवू!"

आज आमच्या कॉटेजवर हंगेरीच्या एक बाई उतरल्या. बॅगेवर हिरवा तारा, म्हणजे एस्पेरांतोवाल्यांची खूण! मी धावत पुढे गेले, तोंड उघडलं आणि एक शब्द फुटेल तर शपथ.

तेवढ्यात वालाची परात घेऊन आई बाहेर आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बोनवेनोन! मान्जु!" म्हणजे या, जेवा!

बाई हरखल्या. आईचा हात धरून भडाभडा बोलतच सुटल्या. आई माझ्याकडे वळली, "पुढचं तू बघ. मला एवढंच येतं. पाहुण्याला अजून काय लागतं?"

आता दोघी मिळून वाल सोलतायत आणि मी पहिला धडा पुन्हा उघडलाय.

तुमच्या घरात असं गुपचूप कोण शिकतंय हो?