भिंतीला गोडं पाणी

भगवंतरावांना चैन म्हणून पडत नसे. काम हाती घेतलं की ते डोक्यात घ्यायचे, आणि डोक्यात घेतलं की घरादाराची झोप गेलीच म्हणून समजा. बी घ्यायचं तर चार बाजार हिंडणार, बैल घ्यायचा तर त्याच्या आईबापाची चौकशी करणार. त्यामुळे त्यांनी टाकं बांधायचं काढलं, तेव्हा अख्ख्या गावानं कपाळाला हात लावला. आता वर्षभर हा माणूस दुसरं काही बोलणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण टाकं म्हणजे काही हौस नव्हती. गाव जलंबच्या पलीकडं, पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, कापूस पाहत राहावं असा, आणि विहीर खणली की पाणी खारट. प्यायचं पाणी दोन कोसांवरच्या एका गोड्या विहिरीवरून बायका डोक्यावर आणायच्या आणि घोट घोट पुरवायच्या. देवाला गोडं, पाहुण्याला गोडं, तान्ह्या लेकराला गोडं. बाकीच्यांनी खारं प्यायचं आणि गप राहायचं, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत.

भगवंतरावांचा एकुलता एक मुलगा पंजाबराव. त्याची बायको रुख्मिणी धामणगाव बढ्याची, गोड्या पाण्याच्या गावची. मागच्या उन्हाळ्यात ती गोडी विहीर आटली. गाव खारंच प्यालं, आणि रुख्मिणीचं लेकरू हगवणीनं इतकं सुकलं की घरच्यांनी आशा सोडली होती. लेकरू वाचलं, पण तिचे वडील रंगराव आले आणि दोघांना घेऊन गेले. भांडले नाहीत, वाकडा शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "भगवंतराव, तुमच्या घरी गोडं पानी झालं का मी सोता आनून सोडतो."

पंजाबराव आधी महिन्याकाठी तिकडं जायचा, मग आठवड्याला जायला लागला. एका संध्याकाळी बैल बांधता बांधता तो बापाला म्हणाला, "या पावसाळ्यापावतर टाकं झालं तं झालं. नाई तं मी तिकडंच राह्यतो. वावर हाये त्यायचं, मानूस पाह्यजेच हाये."

एकुलता एक पोरगा घरजावई! दुसऱ्याच दिवशी परसात खड्डा खणायला माणसं लागली. टिनांच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून आणून टाक्यात धरायचं, असा बेत. विटांचं बांधकाम आणि आतून शिमिटाचा गिलावा. सिमेंटला आमच्याकडं शिमिट म्हणत, अजूनही म्हणतात. तेव्हा ते नवंनवं होतं. गवंडी पुंजाजी जुन्या वळणाचा, तो म्हणाला, "मालक, चुना घोटू. चुन्याले मरन नाई." पण चुन्याला मुरायला वेळ लागतो आणि मृग काही कुणासाठी थांबत नाही. शिमिटच घ्यायचं ठरलं.

आता कोणतं घ्यायचं? इथून वणवण सुरू झाली. खामगावला एका व्यापाऱ्यानं शिमिटाचं विलायती पिंप दाखवलं, आगबोटीतून आलेलं, वर ठसठशीत छाप. लोक त्या छापावरच भाळायचे. भगवंतरावांनी झाकण उघडायला लावलं. पिंपानं अख्खा पावसाळा मुंबईच्या गोदामात काढलेला. आत हात घातला तर खडेच खडे. दुसऱ्याकडं देशी पोती होती, स्वस्त, पण भुईवर भिंतीला टेकवून ठेवलेली. ओल चढून कोपरे दगड झालेले. हे वरून ठोकून मोकळं करून देतो, असं तो म्हणाला. एकदा दगड झालं ते झालं, ठोकून त्याचं पुन्हा शिमिट होतं होय? तिसऱ्याकडं जबलपूरकडच्या भट्टीची पोती नुकतीच वॅगनमधून उतरली होती. भगवंतरावांनी कोपरापर्यंत हात खुपसला. गार लागलं. चिमटीत चोळलं तर मैद्यासारखं मऊ.

"हे काय गहू हाये का, असं चाळून चोळून घ्यायले?" दुकानदार वैतागला.

"गहू वाईट निंघाले तं एक वर्स जाते," भगवंतराव म्हणाले, "याच्यात माहा पोरगा जाईन."

तरी समाधान नाही. प्रत्येक मालाचं थोडं थोडं शिमिट घरी आणलं आणि त्याच्या वड्या घातल्या. काही कडक उन्हात ठेवल्या, काही ओल्या गोणपाटाखाली. काही गोड्या पाण्यात कालवल्या, काही खाऱ्या. सकाळ-संध्याकाळ उकिडवे बसून त्यांना नखानं उकरत राहायचे. त्यांच्या बायकोला, गोजरबाईंना, हसू आवरेना.

"उनायात बाया कुरडया घालतात," त्या म्हणाल्या, "तुमी हे घालून राह्यले. तळून देऊ का?"

वड्यांनी सांगायचं ते सांगितलं. उन्हातल्या तडकल्या. ओल्या गोणपाटाखालच्या अशा कडक झाल्या की दगडानं फुटेनात. खाऱ्या पाण्यातल्या आधी बऱ्या दिसल्या, मग त्यांवर बुरशीसारखं पांढरं फुटलं आणि कडा भुसभुशीत झाल्या. भगवंतरावांनी ठरवून टाकलं: माल वॅगनमधून उतरलेला ताजाच, गिलावा पहाटेचा, त्यावर गोणपाटाची सावली, आणि कालवायला नि भिंतीवर मारायला पाणी फक्त गोडं. आपल्याकडच्या उन्हात भिंत पाणी पिऊन पिऊनच पक्की होते, हे त्यांनी पुंजाजीला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं, जलंबच्या गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. घरात मात्र नुसता हुकूम सुटला. गाडीनं पिंपातून येईल ते पाणी दिवसातून तीनदा भिंतीवर मारायचं. तेच पाणी का मारायचं, हे सांगत बसायला वेळ कुणाला होता?

बैलजोडी शेतातून काढली, गाडीवर पिंपं बांधली आणि दोन कोसांवरच्या त्याच विहिरीवरून, यंदा ती आटली नव्हती, रोज गोडं पाणी येऊ लागलं. चैत्रात गिलावा झाला, गुळगुळीत, सुरेख. पाणी मारायचं काम गोजरबाईंकडं. आणि भगवंतराव? ते पन्हाळीसाठी खामगाव, झाकणासाठी आणखी कुठं, असे हिंडत सुटले.

वैशाख संपत आला. एका सकाळी ते शिडी लावून टाक्यात उतरले, भिंतीवरून हात फिरवला, आणि हाताला पांढरं लागलं. नखानं उकरलं तर गिलावा नखाबरोबर आला.

त्यांचं डोकंच फिरलं. मिळेल त्या गाडीनं खामगाव गाठलं आणि दुकानदाराला भर बाजारात फैलावर घेतलं. तो बिचारा त्यांना हाताला धरून कापसाच्या एका जिनिंगवर घेऊन गेला. त्याच वॅगनमधल्या शिमिटाची जमीन तिथं घातली होती, खणखणीत. भगवंतराव परतले. मग पुंजाजीची पाळी.

"वाळू खराब असन तुही!"

"वाळू तुमीच समोर उभं राहून धुऊन घेतली, मालक."

तेही खरंच होतं. दुपारी ते पुन्हा टाक्यात उतरले. भिंतीवरचं पांढरं बोटाला लावून जिभेवर ठेवलं. मीठ. तसेच वर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. गोजरबाई भाकरी थापत होत्या.

"भिंतीले कोनतं पानी मारलं?"

गोजरबाई खोटं बोलल्या नाहीत. "खारं," त्या म्हणाल्या.

"आनि गाडीतलं?"

"गल्लीतल्या लेकुरवाळ्या बाया घागरी घेऊन यायच्या. त्यायले वाटलं."

"काऊन? काऊन केलं असं?"

गोजरबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, आणि मग बोलल्या. आवाज चढवला नाही.

"या घरी आली तव्हापासून मी डोक्यावर पानी वाहिलं. पोटुशी असतानी वाहिलं. पंजाबच्या आंधीची माही पोर अशीच हगवनीनं गेली. ती भुईले लागली होती तव्हा मी तुमाले म्हनलं होतं, एक डाव गाडी धाडा गोड्या पान्याले, मले तिले सोडून जाववत नाई. तुमी म्हनलं, पेरनी हाये, बैल मोकये नाई. आनि आता रोज गाडी जाते. भिंतीसाठी. बाया लेकरं घेऊन पाहत राह्यतात, अन् मी ते पानी भिंतीवर फेकू? नाई फेकवलं मले."

"पन खाऱ्या पान्यानं भिंत सडते. हे तुले…" भगवंतराव थांबले.

"मले कोनं सांगतलं?" गोजरबाई म्हणाल्या. "खामगावले सांगतलं असन तुमी."

भगवंतरावांची मान खाली गेली. पोरीचा चेहरा आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण आठवली ती फक्त त्या वर्षीची पेरणी, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली. भर उन्हात त्यांनी स्वतः गाडी जुंपली. परत आले तेव्हा गाडी परसाकडं वळवली नाही, गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि बायकांना म्हणाले, "घागरी आना." सगळ्यांच्या घागरी भरल्यावर दुसरी खेप टाक्यासाठी.

पुंजाजीनं सगळा गिलावा खरवडून काढला. उरलेली पोती भगवंतरावांनी पलंगावर ठेवली होती आणि स्वतः खाली झोपत होते, म्हणून त्यांना ओल लागली नव्हती. मृगाला थोडेच दिवस उरले होते. नव्या गिलाव्याला गोजरबाईंनीच पाणी मारलं, गोडं, दिवसातून चारदा. या खेपेला भगवंतरावांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. रोज आभाळ भरून यायचं आणि घरातलं एकही माणूस जेवणावर धड बसायचं नाही. भिंत आधी पक्की होते का पाऊस आधी येतो, हीच सगळ्यांची घालमेल. पंजाबराव तर भिंतीला हात लावायलाही घाबरायचा.

भिंत टिकली. पहिल्या पाण्यानं टाकं धुऊन ते पाणी उपसून टाकलं, आषाढात टाकं भरलं. रंगराव शब्दाला जागले. रुख्मिणी आली ती चालत्या लेकराला बोटाला धरून. तिनं पोहरा सोडला, तांब्या भरला आणि आधी सासूच्या हातात दिला.

गोजरबाई प्याल्या नाहीत. तांब्या घेऊन त्या मागच्या दारानं निघाल्या, शेताच्या वाटेला लागल्या. हे पाणी कुणासाठी, ते भगवंतरावांना कळलं. ते मागोमाग गेले. शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बोरीखाली गोजरबाई थांबल्या. तिथं ना दगड होता ना खूण, नुसतं गवत. इतकी वर्षं त्या धुऱ्यावरून येणं-जाणं होतं भगवंतरावांचं, पण पोरीला कुठं ठेवलंय हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"इथं," गोजरबाई म्हणाल्या, आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.