पिवळ्या पट्ट्याचा खरा इतिहास

इंदापूर तालुक्यातल्या ज्या डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये मी निवृत्त होईपर्यंत पर्यवेक्षक होतो, त्याच्या वर्धापनदिनाची स्मरणिका गेल्या महिन्यात माझ्या बारामतीच्या पत्त्यावर आली. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे, आणि मधल्या दोन पानांवर कार्यपद्धतीत झालेल्या सुधारणांचा लेख. लेखात तीन सुधारणा आहेत: प्रतवारीच्या टेबलांवर वाढवलेला उजेड, जमिनीवर मारलेले पिवळे पट्टे आणि दर सोमवारी कामाची जागा बदलण्याची पद्धत. तिन्हींचे श्रेय पुण्याहून आलेल्या एका सल्लागाराला दिले आहे. मी शेवटच्या यादीत आहे, 'यांचेही सहकार्य लाभले' या ओळीत, विजेच्या ठेकेदाराच्या खाली.

मी संपादकांना दुरुस्तीचे सविस्तर पत्र लिहिले. त्यांचा नम्र फोन आला. "सर, आता छापून झालंय. श्रेयाचा वाद कशाला उकरून काढायचा?"

मला श्रेयाची हाव आहे, असे त्यांना वाटले. हाव आहे, मी ती लपवत नाही. सल्लागार आला त्याआधीच या तिन्ही गोष्टी होऊन गेल्या होत्या. त्याने त्यांचे फोटो काढले, त्यांना इंग्रजी नावे दिली आणि तो निघून गेला. परंतु माझ्या पत्रात माझ्याविषयी दोनच ओळी होत्या. उरलेली तीन पाने एका बाईविषयी होती, आणि ती संपादकांनी वाचलेली नसावीत. म्हणून ती येथे लिहितो.

तिला सगळ्या बायका आत्या म्हणत. ती नात्याने कोणाचीच आत्या नव्हती. भिगवणच्या बाजूच्या एका गावातून ती इतर बायकांबरोबर टेम्पोने येई. पॅकहाऊस उभे राहिले त्या पहिल्या हंगामापासून ती तेथे होती. मी तिच्यानंतर आलो. डाळिंबाची प्रत कशी लावायची हे मी पुस्तकातून शिकलो होतो आणि तिच्याकडून पुन्हा शिकलो. फळ पिकले की त्याची गोलाई जरा मोडते, अंगाला कंगोरे येतात, हे तिने मला माझ्या हातात फळ देऊन दाखवले होते. तेल्या रोगाचा डाग सुरुवातीला मोहरीएवढाही नसतो. तो ज्या फळावर आहे ते एक फळ पेटीत गेले, तर परदेशी पोहोचेपर्यंत पेटी वाया जाते. तो डाग आत्याच्या नजरेतून सुटत नसे. नवी बाई आली की मी तिला दोन दिवस आत्याशेजारी बसवत असे. माझे प्रशिक्षण एवढेच होते, आणि ते उत्तम होते.

तीसेक बायका लांब टेबलांच्या दोन्ही अंगांना बसत. आत्याची जागा मधल्या टेबलाच्या मध्यावर. तिच्या डाव्या हाताला एक उंच, फटकळ बाई होती आणि उजव्या हाताला एक तरणी विधवा. दोघींना आत्यानेच तयार केले होते. भरलेला क्रेट फेरतपासणीला जाई, आणि तेथे डागाचे फळ सापडले तर परत येई. पण परत आलेला क्रेट कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नसे. तेव्हा मी प्रत्येकीला क्रमांक दिला आणि त्या क्रमांकाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. क्रेट भरला की आपली चिठ्ठी त्यात टाकायची. ही माझी पहिली सुधारणा. स्मरणिकेत तिचा उल्लेखच नाही, आणि पुढचे सारे तिच्यापासून सुरू झाले.

फटकळ बाई त्या दिवशी म्हणाली होती, "सायेब, जनावराच्या कानात बिल्ला मारत्यात तसं झालं की वो हे."

"बिल्ला तुला न्हाय, क्रेटला हाय," आत्या तिला म्हणाली, आणि तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पदराच्या गाठीत बांधून टाकला. मला वाटले, निदान हिला तरी माझी पद्धत समजली.

दोन आठवड्यांत माझ्या वहीत चित्र स्पष्ट झाले. परत येणाऱ्या क्रेटपैकी बहुतेक तीनच क्रमांकांचे होते: आत्याचा आणि तिच्या दोन्ही शेजारणींचा. तिघींचा वाटा जवळजवळ सारखा होता. तीन कसबी बायका, एकमेकींना लागून बसलेल्या, आणि तिघींच्या चुका सारख्या. मी जो निष्कर्ष काढला तो कोणत्याही शिकलेल्या माणसाने काढला असता. दोष बायकांमध्ये नसून त्या जागेत होता. तेथे उजेड कमी पडत होता. मी व्यवस्थापकांशी भांडून मधल्या टेबलावर ट्यूबलाइटच्या नळ्यांची नवी रांग बसवून घेतली. स्मरणिकेतली पहिली सुधारणा ती हीच.

क्रेट परत येणे थांबले नाही. त्याच सुमारास आत्या दोनदा वाटेच्या कडेला ठेवलेल्या क्रेटला अडखळून पडता पडता वाचली. मी हमालांना फैलावर घेतले. वाटेत क्रेट ठेवण्याची ही कसली रीत, म्हणून झापले, आणि रंगाऱ्याकडून टेम्पो थांबतो तेथपासून टेबलांपर्यंत जमिनीवर पिवळ्या रंगाचे रुंद पट्टे मारून घेतले. दोन पट्ट्यांमधली वाट चालण्याची, बाहेरची जागा क्रेटची. ही दुसरी. लेखात लिहिले आहे की हे पट्टे अपघात टाळण्याच्या आधुनिक धोरणातून आले. ते एका बाईच्या ठेचकाळण्यातून आले.

तिसरी सुधारणा लिहिताना माझा हात जड होतो. उजेड वाढवूनही त्या तीन क्रमांकांचे क्रेट परत येतच राहिले, तेव्हा मी ठरवले की एकाच जागी वर्षानुवर्षे बसल्याने नजर सरावते आणि लक्ष ढळते. दर सोमवारी जागा बदलायच्या. चिठ्ठ्या टाकून एक डबा ठेवला. ज्या टेबलाची चिठ्ठी निघेल तेथे बसायचे. फटकळ बाई त्या सकाळी माझ्यासमोर उभी राहिली.

"आमी तिघी एका जाग्यालाच बसनार."

"सगळ्यांना एकच नियम."

"तुमचा नियम तुमच्यापाशी. आत्याला हितून उठवू नका, सायेब. सांगती तुमास्नी."

तिने कारण सांगितले नाही. मी विचारले नाही. ती हटवादी होती, मीही होतो, आणि सगळ्यांच्या देखत माघार घेणे मला जमणारे नव्हते. आत्यानेच तो वाद मिटवला. "चला गं, आठवडाभर तर हाय," असे म्हणून तिने डब्यात हात घातला. तिला कडेचे टेबल मिळाले, दोन नव्या मुलींच्या मध्ये.

दुपारच्या जेवणाच्या आत पाच क्रेट परत आले. पाचही आत्याच्या क्रमांकाचे. इतर कोणाचा एकही नाही. मी परत आलेले एक फळ घेऊन तिच्यापाशी गेलो. माझा आवाज चढलेला नव्हता, हे आजही कोणी खोटे ठरवू शकणार नाही.

"आत्या, हा डाग दिसला नाही?"

तिने फळ हातात घेतले, फिरवले, चेहऱ्याच्या अगदी समोर धरले. "दिसतोय की," ती म्हणाली, आणि तिने अंगठा ठेवला. जेथे ठेवला तेथे फळ निर्मळ होते. डाग दोन बोटे पलीकडे होता.

सगळे शेड थांबले. मधल्या टेबलाच्या दोघी उठून उभ्या राहिल्या. ती तरणी विधवा रडू लागली आणि रडतारडता तिनेच सांगितले, की चिठ्ठ्या दिल्या त्या दिवसापासून तिघी आपल्या चिठ्ठ्या एकत्र करून वाटून घेत होत्या. आत्याच्या क्रेटमध्ये यांच्या, यांच्या क्रेटमध्ये तिच्या. शिवाय वेळ मिळेल तेव्हा दोघी तिची फळे पुन्हा पाहत. माझ्या वहीतले समान वाटे तेथून आले होते. मी तीन महिने ज्याला जागेचा दोष समजत होतो, ती त्यांची माया होती.

आत्याने हात धुतले, जेवणाचा डबा घेतला. मी तिला म्हणालो की पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या घड्या मोडून ती उभी करण्याचे काम आहे, ते बसून करता येईल. ती म्हणाली, "नको सायेब. ज्यांना शिकिवलं त्यांच्यापुढं घड्या मोडत बसू व्हय?" त्या दिवशी ती टेम्पोची वाट न पाहता निघाली आणि पुन्हा आली नाही. पुढे कळले की तो काचबिंदू होता, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

यानंतर ज्याने त्याने आपापला वृत्तान्त तयार केला. तिच्या गावात सांगतात की प्रतवारीचे यंत्र आले आणि म्हातारीचे काम गेले. यंत्र फार पुढे आले. तिच्या जाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कार्यालयात सांगतात की वयोमानाने तिने स्वेच्छेने काम सोडले. हा तर निव्वळ सोयीचा वृत्तान्त. फटकळ बाई मला बाजारात भेटली तेव्हा तोंडावर म्हणाली, "तुमच्या चिठ्ठीनं खाल्लं तिला." मी तिला तेथेच उत्तर दिले, "आणि तुमच्या मायेने तिचे डोळे खाल्ले. पहिल्याच दिवशी कोणी बोलले असते, तर डॉक्टरकडे नेता आले असते. वेळेत औषध पडले असते तर उरलेली नजर टिकली असती." ती गप्प झाली. त्या गप्प होण्याचे मला समाधान वाटले होते, हेही लिहून ठेवतो. अनेक वर्षे माझा वृत्तान्त हाच होता. तो मी घरच्यांना, जुन्या सहकाऱ्यांना ऐकवला.

स्मरणिका आल्यानंतरच्या आठवड्यात मी एसटीने भिगवणला गेलो आणि तेथून रिक्षाने तिच्या गावी. पिशवीत स्मरणिका होती. तिला ती पाने वाचून दाखवायची आणि सांगायचे, की या तिन्ही सुधारणांच्या मुळाशी तुम्ही आहात. एवढे तरी तिला देणे आहे, असे मला वाटत होते.

ती ओसरीवर बसली होती. सुनेने माझी ओळख सांगण्याआधीच माझ्या आवाजावरून तिने ओळखले. "सायेब का? बसा. चहा ठेव गं. बिनसाखरेचा, का अजून गोड पिता?"

मी लेख वाचला. मग खरे काय ते सांगितले. उजेड, पट्टे, सोमवारची पाळी. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा माझ्या थोडा उजवीकडे वळलेला होता.

"म्हंजी माझं डोळं गेलं, आन् तुमचं काम सुधारलं," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

मी माझा नेहमीचा मुद्दा मांडला. तुमच्या दोघी शेजारणींनी लपवले नसते तर वेळेत उपचार झाले असते, त्यांची माया तुम्हाला महाग पडली, वगैरे.

"त्यांनी न्हाय लपिवलं. म्या लपवाय लावलं." ती शांतपणे म्हणाली. "डोळ्याच्या शिबिरात डाक्टरनी मला आदल्या हंगामातच सांगितलं हुतं. थेंब दिलं, ते घालत हुती. तरी कमी कमीच हुत गेलं. चिठ्ठ्या वाटून घ्यायचं मीच काढलं. त्या थोरलीला तर शप्पत घातली हुती, सायबाला सांगशील तर बोलनार न्हाय म्हनून."

फटकळ बाईने त्या सकाळी कारण का सांगितले नव्हते, ते मला इतक्या वर्षांनी कळले. बाजारात ती गप्प का झाली होती, तेही.

"पण का?" मी विचारले. "मला सांगायला काय झाले होते?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी?"

मी आयुष्यभर प्रश्नांना उत्तरे देत आलो आहे. मला उत्तर ठाऊक होते. मी तिला त्याच दिवशी तेथून उठवून खोक्यांच्या घड्यांना बसवले असते, आणि ते योग्यच आहे असे सर्वांना पटवून दिले असते.

"घरात मी म्हातारी," ती म्हणाली. "तितं आत्या हुती. अजून एक हंगाम मिळाला. लई झाला."

चहा आला. तिने कपासाठी हात पुढे केला आणि सुनेने तो बरोबर तिच्या बोटांत दिला. मी वाद घालण्याच्या तयारीने गेलो होतो आणि समोर वाद घालायला कोणी उरले नव्हते.

निघताना ती म्हणाली, "ते उजेडाचं वाचलं न्हवं तुमी, त्यानं मला काय फरक पडला न्हाय. उलट चमकायचं. पन तो पिवळा पट्टा चांगला केला. बाकीचं समदं धुरकाट, पन त्यो दिसायचा. टेम्पोतून उतरलं की पायाखालचा पट्टा बघत जायचं, थेट टेबलाशी. कुनाचा हात धरावा लागला न्हाय."

परतीच्या एसटीत मी स्मरणिका उघडली आणि संपादकांना लिहायचे दुसरे पत्र जुळवू लागलो. उजेड सल्लागाराच्या नावावर राहू द्यावा. सोमवारची पाळीही त्यालाच ठेवू द्यावी, मला ती नको. पट्ट्याविषयी मात्र मी दुरुस्ती मागणार आहे, आणि ती छापून येईपर्यंत मागत राहणार आहे. तो पट्टा एक बाई कोणाचा हात न धरता कामावर यावी यासाठी होता. मारला तेव्हा मला हे ठाऊक नव्हते.