धाकटीचा नेम

माझ्या धाकट्या जावेची पापणी कशानेही लवायची नाही. वाढदिवसाला फुगा फुटला की मी दचकून कपातला चहा सांडायची. ती शांतपणे केक कापत राहायची. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी यायच्या. त्या म्हणायच्या, "बघ गं, कशी स्थिर आहे पोरगी!" मला ते लागायचं.

इथे परदेशात, अप्पर हट गावात आमची डेअरी होती, म्हणजे कोपऱ्यावरचं दूध-पाव-सिगारेटचं दुकान. एका दुपारी मी एकटी असताना दोघं तोंड बांधून हातोडा घेऊन आले आणि गल्ला घेऊन गेले. "दार का उघडं ठेवलंस?" एवढंच सगळ्यांनी मला विचारलं. तेव्हाच ठरवलं, पिस्तूल शिकायचं. धाकटी म्हणाली, "ताई, सोबतीला मी येते."

क्लबातल्या म्हाताऱ्या शिक्षकाने 'किया ओरा' या इथल्या नमस्कारानंतर लगेच सांगून टाकलं, की दुकान राखायला या देशात कुणालाही पिस्तूल मिळत नाही. इथे फक्त खेळ म्हणून शिकायचं, तेही आमच्या देखरेखीखाली. माझा चेहराच पडला. धाकटी म्हणाली, "आलोच आहोत तर शिकू या की."

शिकली ती. माझ्या गोळ्या मातीच्या बांधात, तिच्या कागदावरच्या काळ्या वर्तुळात. एकदा शिक्षकाने मला न सांगता रिकामं पिस्तूल हातात दिलं. मी चाप ओढला. आवाज झालाच नाही, तरी नळी खाली गेली. बार व्हायच्या आधीच मी दचकत होते. धाकटी हलकेच म्हणाली, "ताई, आवाजाची वाट बघू नका. तो येणारच आहे." सल्ला अगदी बरोबर होता, म्हणून तर जास्तच झोंबला. हातोडा बघितला होता मी, आणि नेम लागत होता हिचा! घरी सासूबाई फोनवर साऱ्या साताऱ्याला तिचंच कौतुक सांगत. आमचे हेसुद्धा तिच्या नेमाचे कागद फ्रिजवर लावायला लागले.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा चोर आला. या वेळी गल्ल्यावर ती होती, मी मागे दूध लावत होते. तिने मला आपल्या पाठीमागे घेतलं, गल्ल्याचा खण उचलून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "टेक इट. नोबडी विल स्टॉप यू." तो गेल्यावर ती जमिनीवर बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. मी तिला पाणी दिलं.

त्या संध्याकाळी सगळे तिला वाघीण म्हणत होते. ती म्हणाली, "पहिल्या वेळी ताई एकट्या होत्या. माझ्या पाठीशी निदान ताई तरी होत्या." इतक्या दिवसांत हे कुणीच बोललं नव्हतं. आणि मला तिच्या त्या मोठ्या मनाचाही हेवा वाटला.

पुढे दीरांना ब्रिस्बेनला नोकरी लागली आणि ती गेली. मी क्लबात जातच राहिले. परवा आमच्या क्लबातल्या स्पर्धेत बायकांमध्ये पहिली आले. शेजारी धाकटीच्या जागेवर कुणी नवी मुलगी होती. सारखी तिकडेच नजर जात होती.

सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं वा! धाकटी नव्हती ना या वेळी?"

"नव्हती ना," मी म्हणाले, आणि चिडायचं राहूनच गेलं.