चालत जाता येणारा किल्ला

आम्ही तिघी परळच्या एकाच चाळीत वाढलो. एक हॉस्पिटलात नर्स आहे, तिला आम्ही सिस्टर म्हणतो. दुसरी दादरच्या एका शाळेत इतिहास शिकवते, ती मास्तरीणबाई. तिसरी मी. मी लोअर परळच्या एका ऑफिसात रिसेप्शनला बसते, त्यामुळे मला कुणी काही म्हणत नाही.

मास्तरीणबाई मूळची मालवणकडची, आणि हे ती कुणाला विसरू देत नाही. "आमच्या रक्तातच समुद्र आहे गं," असं ती साध्या चौपाटीवर भेळ खातानाही म्हणायची. तरी जंजिऱ्याला जायचं ठरलं की दर वेळी तिचंच काहीतरी निघायचं. कधी पेपर तपासायचे असायचे, कधी पितृपक्ष आडवा यायचा. एकदा तर शेजाऱ्यांची मांजर व्यायला झाली होती.

म्हणून गेल्या जानेवारीत तिनं स्वतःहून अलिबागचा कुलाबा किल्ला सुचवला तेव्हा आम्ही चकित झालो.

"ओहोटीला चालत जाता येतं," ती म्हणाली. "भरती-ओहोटीचं वेळापत्रक मी बघून ठेवलंय."

"गेटवेवरून लाँचनं मांडव्याला जाऊ. तासात पोचू," सिस्टर म्हणाली.

"लाँच कशाला? तू नुकतीच गाडी शिकलीयेस ना? तुझा हात साफ होईल."

सिस्टर इतकी खूश झाली की लाँचचा विषयच संपला. पहाटे निघालो. शिवडीच्या पुलावर गाडी चढली आणि दोन्हीकडे पाणी दिसायला लागलं, तशी मास्तरीणबाईनं ओढणी तोंडावर ओढली. म्हणाली, ऊन लागतंय. सूर्य अजून उगवायचा होता. पण सिस्टर लेन बदलत होती, त्यामुळे मीही डोळे मिटूनच होते.

अलिबागला पोचलो तेव्हा समुद्र पार आत गेला होता. ओल्या वाळूतून घोट्याएवढ्या पाण्यात सगळ्यांत पुढे मास्तरीणबाई. "साडेबाराला परत निघायचं म्हणजे निघायचं," तिनं बजावलं. किल्ल्यात गेल्यावर सिस्टर देवळाजवळच्या झाडाखाली पाच मिनिटं टेकते म्हणाली आणि घोरायला लागली. आठवडाभर ड्यूटी करून आली होती बिचारी.

तटावरच्या तोफांपाशी मास्तरीणबाई मला माहिती सांगायला लागली. शेजारून नाशिकचं एक कुटुंब चाललं होतं. त्यातले आजोबा थांबले. मग त्यांच्या दोन्ही सुना थांबल्या. पाठोपाठ कॉलेजची पोरं आली. दहा मिनिटांत पंधरावीस माणसं जमली. सगळ्यांना ती गाइड वाटली, आणि तिनं कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. वर्गात मुलं मानसुद्धा वर करत नाहीत म्हणून ती नेहमी कुरकुरते. इथे आजोबा लग्नपत्रिकेच्या मागे मुद्दे लिहून घेत होते! आरमार, गलबतं, वेढे, गोड्या पाण्याचा तलाव, असं करत ती सगळ्यांना किल्लाभर फिरवू लागली. मध्येच वॉचमननं शिट्टी वाजवली. "कृपया शांतता राखा," ती त्याला म्हणाली आणि पुढे चालू लागली.

सिस्टरला उठवून दरवाज्यात आलो तेव्हा दीड वाजला होता. सकाळची वाळू गायब होती. तिथे फक्त पाणी होतं, आणि एक होडी.

"चला ताई, बसा," होडीवाला म्हणाला.

"तुम्ही जा. मी ओहोटीला चालत येते," मास्तरीणबाई आम्हाला म्हणाली.

"ओहोटीला रात्र होईल. तोवर किल्ला बंद."

मास्तरीणबाई उंबऱ्याशेजारच्या दगडावर बसली. चेहरा पांढराफटक. सिस्टरनं सवयीनं तिची नाडी बघितली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला होडीची भीती वाटते," ती अगदी हळू म्हणाली.

"तुला? आणि ते रक्तातला समुद्र वगैरे?" मी विचारलं.

"आमच्या घरात कुणालाच सोसत नाही गं. माझे आजोबा मिलमध्ये लागायला मुंबईत आले, ते सुद्धा रस्त्यानं, कोल्हापूरवरून आले. तेव्हा सगळा गाव बोटीनं यायचा."

मला हसू फुटलं. ते आवरायला मी तटाकडे तोंड केलं, तर सिस्टर आधीच तिकडे तोंड करून उभी होती.

एवढ्यात होडीतून नाशिकच्या आजोबांनी हाक मारली, "मॅडम, या ना! दुसऱ्या वेढ्याचं अर्धंच राहिलं."

पंधरा माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांच्यासमोर भीती वाटते म्हणणं तिला जमलं नसावं. ती उठली, माझं मनगट धरलं, डोळे घट्ट मिटले आणि होडीत बसली. बसल्या बसल्या वेढा सुरू झाला. लाट आली की आवाज चढायचा. मोठी लाट आली तेव्हा शत्रूचा तळ सुरतेला होता, ती ओसरली तेव्हा गोव्याला. आजोबांनी सगळं लिहून घेतलं.

किनाऱ्याजवळ होडीवाल्यानं खाली उडी टाकली आणि होडी ओढायला लागला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं. तिनं एक डोळा उघडला.

"एवढंच पाणी?"

"इथं एवढंच. मधे दोन पुरुष खोल होतं," तो म्हणाला. तिनं डोळा परत मिटला.

माझ्या मनगटावर तिच्या पाचही बोटांचे वळ उठले होते. आजोबा निरोप घेताना म्हणाले, "पुढच्या खेपेला जंजिऱ्यालाही तुम्हीच चला." ती नुसती हसली.

मग भिजलेल्या सलवारीनं वाळूतच बसून तिनं आईला फोन लावला. आई आता गावीच असते. फोन स्पीकरवर होता.

"आये, आज मी होडीत बसलंय."

आईनं आधी एवढंच विचारलं,

"ओकलंस काय गो?"

"नाय."

"मगे बरां झालां. आता कायतरी खा."

आम्ही सुरमईची थाळी शोधायला निघालो.